‘नॉर्थ जेटी’ची दुसरी बाजू

१२ जानेवारी, रविवार

सकाळी भाकऱ्या टाकत असताना फोन वाजला. हात पुसून बघितलं तर शाळेतल्या मैत्रिणीने, मृणालीने ‘नॉर्थ जेटी’ पाठवली होती. गायक गॅव्हिन मेरॉकची जुनी रेकॉर्ड ‘नॉर्थ जेटी’, नव्याने साफसूफ करून इंटरनेटवर ठेवलेली, कुणालाही ऐकता येईल अशी. खाली मृणालीने लिहिलं होतं, ‘सँडी, ही तुझ्या एकटीसाठी काढलेली दिसते. जगात दुसरं गिऱ्हाईक नाही हिला.’

म्हणून ही डायरी काढली. मुलाच्या, सोहमच्या कंपनीची दरवर्षी येते आणि दरवर्षी कोरी कपाटात जाते.

मेरॉक माझ्या आयुष्यात नववीत आला. मृणालीच्या वडिलांकडे मोठा रेडिओ होता. शॉर्टवेव्हच्या खरखरीतून तो मधूनमधून ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कॉन्व्हेंटच्या चॅपलच्या मागे बसून आम्ही आठवतील तेवढे शब्द कागदावर उतरवायचो. सिस्टर फिलोमिनांनी एकदा ते कागद पकडले. आम्ही घाबरलो. त्यांनी तांबड्या पेनाने स्पेलिंग दुरुस्त करून कागद परत दिले.

लग्नानंतर मेरॉकच्या सगळ्या कॅसेटी शिवाने आणल्या. शिवा माझा नवरा. मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये होता. मी नाव लिहून द्यायची आणि तो रॉटरडॅम नाहीतर अँटवर्पहून घेऊन यायचा. ‘नॉर्थ जेटी’ मात्र मी मागितली नव्हती. मेरॉकने ती एका सिनेमासाठी केली होती. बंद पडत चाललेलं मासेमारीचं बंदर, अशी काहीतरी गोष्ट होती. सिनेमा कुणी पाहिला नाही. मेरॉकचे पक्के चाहतेही ही रेकॉर्ड जमेस धरत नाहीत, कारण त्यात गाणं एकच, बाकी नुसती गिटार, पायपेटी आणि समुद्र. मृणाली म्हणते, आमटीशिवाय नुसती फोडणी. जहाजावर कुणाकडे तरी ती होती. शिवाने कोऱ्या कॅसेटवर उतरवून आणली.

ती त्याची शेवटची रजा. पुढच्या खेपेला बिस्केच्या उपसागरात वादळात जहाज बुडालं. काही जण सापडले, शिवा सापडला नाही. सोहम तेव्हा पहिलीत होता.

हे मी आता न अडखळता लिहू शकते. तीस वर्षं कधीच उलटली. मी केव्हाच स्वीकारलं आहे. कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या चालू आहेत त्या सासूबाईंसाठी. त्यांना अजून वाटतं, तो येईल. अठ्ठ्याऐंशीच्या बाईची आशा आपण कशाला मोडायची?

१५ जानेवारी, बुधवार

काल शेजारच्या सावित्रीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. आमच्या मांडवीतल्या सगळ्या बायका होत्या. वाण म्हणून गाळणी दिली. आमच्या घरात गाळण्यांचं दुकान निघेल.

आज दुपारी ‘नॉर्थ जेटी’ची पहिली बाजू ऐकली. बाजू कसली, फोनला बाजू नसते. पण माझ्या डोक्यात ती दोन बाजूंचीच आहे. ‘मिसेस कॉर्बेट्स किचन’ हा तुकडा वाजताना एकदम दचकले. गिटारच्या मागे कुणीतरी कप बशीवर ठेवतं. इतक्या वर्षांत तो कप मला कधी ऐकू आला नव्हता. कॅसेटच्या खरखरीत बुडालेला होता. आता ती कॅसेटही वाजत नाही. खाऱ्या हवेने फीत चिकटली, वर बुरशी आली.

सासूबाई ओटीवर पडल्या होत्या. हाक मारली, “काय गो ता? पेटी वाजताय की कोण रडताय?”

“पेटीच आहे, आई.”

“मग मोठी कर जरा. मना वाटला कोण रडताय.”

१९ जानेवारी, रविवार

पूर्णगडहून काशीराम भावोजी आले. पिशवीत चांगले ताजे बांगडे. शिवाचा हा धाकटा भाऊ, स्वतःची होडी आहे, सत्तरीला आला तरी खाडीत उतरतो. सोहम आणि त्याची बायको रुचिराही घरी होती. सगळे एकत्र जेवायला बसलो.

सासूबाईंनी भाताचा घास खाली ठेवला आणि आमटी मागावी तशा म्हणाल्या, “काशी, भटाला इचार. शिवाचा करून टाकूया.”

काशीराम भावोजींनी माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे.

समुद्रात गेलेल्याचं शरीर मिळालं नाही तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. त्याला अग्नी देतात आणि मग तो माणूस गेला असं धरतात. बारा वर्षं वाट बघून करायची रीत आहे. आमच्याकडे बारा झाली तेव्हा भावोजींनी विषय काढला होता. सासूबाई जेवणावरून उठून गेल्या होत्या. त्यानंतर तो शब्द या घरात कुणी काढला नाही.

“आये, नक्की ना?” भावोजींनी विचारलं.

“मी काय चेष्टा करतंय? दिवाळीत डाक्टरान सांगितला ना, काळीज दमलाय म्हणून. मी जायच्या आधी त्याचा होऊ दे. उलटा नको.”

सोहमच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. रुचिराने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सासूबाई थकल्या आहेत. नवीन गोळ्यांनी माणूस असं काहीतरी बोलतं. चार दिवसांत विसरतील.

२१ जानेवारी, मंगळवार

विसरल्या नाहीत. सकाळी विचारत होत्या, शिवाचं धोतर जोडी आहे का घरात. तो धोतर कधी नेसला? लग्नातसुद्धा सुटात होता, वरून फेटा.

आज काही ऐकलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

आजचं नीट लिहून ठेवते.

दुसऱ्या बाजूचा शेवटचा तुकडा ‘स्लिपवे’ नावाचा आहे. एकटी गिटार. होडी ओढत वर आणावी तशी ती चढत जाते, चढत जाते, आणि एका अर्ध्या सुरावर थांबते. माझ्या कॅसेटमध्ये तिथे संपायचं. पुढे फक्त फितीची सूंऽ. कोरी फीत, आणि मग बटण वर यायचं. शिवा गेल्यावर मी ते किती वेळा ऐकलं असेन. मृणालीला मी नेहमी सांगायची, बघ, एवढं धाडस कुणाचं असतं? अर्ध्यावर सोडून दिलं त्याने. घरी परत आणलंच नाही. ती म्हणायची, तू आहेस म्हणून त्याचं सगळं खपतं.

आज सकाळी ऐकताना गिटार नेहमीच्या जागी थांबली. मी फोन उचलायला हात पुढे केला. पडद्यावरची रेघ शेवटाला पोचलेली नव्हती. बरीच बाकी होती. मला वाटलं, फोन अडकला.

अडकला नव्हता. शांतता होती. चांगली लांब, श्वास धरून बसावं इतकी. आणि त्या शांततेनंतर अगदी हळू पायपेटी सुरू झाली.

म्हणजे ते संपलेलं नव्हतं. शिवाला वाटलं, संपलं. तो जहाजावर बसलाय, बोट बटणावर, गिटार थांबते, आणि तो बंद करून टाकतो. मेरॉकची सवय असलेला माणूस थोडा थांबला असता. ही त्याची जुनी खोड, तो असा मध्येच गप्प होतो. शिवाला कुठून माहीत असणार?

मी तिथेच बंद केलं आणि मृणालीला फोन लावला.

“अगं, मग पुढे काय आहे?” ती म्हणाली.

“अजून ऐकलं नाही.”

“का?”

“भात लावला होता.”

“सँडी, सकाळी दहाला कसला भात?”

मी हसले. आज मला किती दिवसांनी असं हलकं वाटलं. संपलं असं सगळ्यांनी धरलं तरी पुढे काही असू शकतं. मी काही वेडीबिडी नाही. मी फक्त म्हणतेय, बटण दाबायची घाई कशाला?

२६ जानेवारी, रविवार

सोहमला सांगितलं, विधी नको. इतक्यात तरी नको. आजीच्या तब्येतीला झेपणार नाही.

तो शांत मुलगा आहे. मिरजोळ्याच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत आणि आवाज चढलेला कुणी ऐकला नाही म्हणतात. आजही चढवला नाही. म्हणाला, “आजीनेच तर सांगितलंय.”

“आजी आज सांगेल, उद्या रडत बसेल.”

“आणि तू?”

“माझा काय प्रश्न आहे? मी केव्हाच स्वीकारलंय.”

तो माझ्या कपाळाकडे बघत राहिला. मी उगाच पदर नीट केला.

“आई, मला बाबांचा आवाज आठवत नाही,” तो म्हणाला. “चेहरा आठवतो तो फोटोतला. पितृपक्षात मी आजोबांचं पान वाढतो, पणजोबांचं वाढतो. ज्यांना मी पाहिलंसुद्धा नाही त्यांचं करतो. बाबांचं करता येत नाही. लहानपणी शाळेत कुणी विचारलं, वडील काय करतात, तर मी सांगायचो, जहाजावर आहेत. आता माझे केस पिकायला लागले. अजून मी तेच सांगायचं का?”

मी म्हणाले, “संपलं असं वाटलं म्हणून लगेच बंद करून टाकायचं नसतं, सोहम.”

“लगेच?” तो म्हणाला.

रुचिरा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली. सोहम गाडी घेऊन निघून गेला, तो जेवायच्या वेळी आला. येताना माझ्या गोळ्या आणल्या होत्या. पाकीट टेबलावर ठेवलं.

२८ जानेवारी, मंगळवार

‘स्लिपवे’ लावलं. शांततेपर्यंत ऐकलं. पेटीचे पहिले दोन सूर ऐकले. मग दाराशी मासेवाली आली.

३० जानेवारी, गुरुवार

दुपारी सासूबाईंच्या पायांना तेल लावत होते. त्या म्हणाल्या, “पोराला नाय म्हणालंस?”

“तुमच्यासाठीच म्हणाले. तुम्हाला सोसणार नाही ते.”

त्यांनी पाय ओढून घेतला. “मना? मना काय सोसायचा ऱ्हायलाय? माजा पोर गेला ता मना त्याच वर्सा कळला. काशी मुंबईच्या कचेरीतून आला आणि घरात न येता पायरीवर बसला ना, तेव्हाच.”

“मग बारा वर्षं झाली तेव्हा उठून का गेलात? ताटावरून?”

“तू समोर होतंस म्हणून. कपाळभर कुंकू लावून वाढीत होतंस. दर वर्सा वडाला जातंस, दोरा गुंडाळतंस. मी काय सांगू, नको गुंडाळू? म्हटला, हिला वाटताय येईल, तर वाटू दे. हिचा पुसून मी काय मिळवू? माजा पुसला तेव्हा मना कोणी इचारला नव्हता.”

माझ्या हातातली वाटी तिरकी झाली, तेल चटईवर सांडलं.

“आई, मी ते तुमच्यासाठी लावत होते.”

त्या माझ्याकडे बघत बसल्या. त्यांचे डोळे आता दुधाळ झालेत, किती दिसतं कोण जाणे.

“म्हंजे दोघीपण येड्या,” त्या म्हणाल्या. वाटी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच पाय चोळायला लागल्या. मग थांबून म्हणाल्या, “माज्यासाठी लावीत होतंस ना? मग मी सांगतंय, आता नको. आता कोणासाठी लावशील?”

चटई पुसायला फडका आणायला गेले आणि मोरीत बराच वेळ उभी राहिले.

३१ जानेवारी, शुक्रवार

मी खरंच त्यांच्यासाठी लावत होते. मी खोटं बोलत नाही.

पण त्या झोपलेल्या असताना, त्या पूर्णगडला गेलेल्या असताना, तेव्हाही लावत होतेच. एकदा मला टायफॉइड झाला होता, उठवत नव्हतं, तेव्हा सोहमला सांगून आरसा मागवला होता. तो आठ-नऊ वर्षांचा असेल. आरसा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला होता.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

आज हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. सावित्रीची सून बोलवायला आली, बरोबर आणखी दोघी. मी नेसून तयार झाले, मोत्यांचे कानातले घातले. सासूबाई म्हणाल्या, “जाऊन ये.” रुचिराला पुढे पाठवलं आणि मी पायरीपर्यंत जाऊन परत फिरले. सांगितलं, गुडघा दुखतोय.

संध्याकाळी सोहम आला तेव्हा त्याला म्हटलं, “काकांना फोन कर. भटजींना दिवस विचारायला सांग.”

त्याने बूट काढले, ते जागेवर लावले, मग माझ्या शेजारी बसला. मोठा झाल्यापासून तो माझ्या इतका जवळ कधी बसला नव्हता. दोघंही समोरच्या बंद टीव्हीकडे बघत बसलो.

“नक्की?” तो म्हणाला.

“आता विचारू नकोस. परत विचारलंस तर मी नाही म्हणेन.”

११ फेब्रुवारी, मंगळवार

अमावास्येचा दिवस ठरला आहे. पूर्णगडला, खाडीच्या मुखाशी.

आज सकाळी रुचिराचे इअरफोन घेतले. तिने कानात कसे बसवायचे ते दाखवलं आणि विचारलं, “आई, मी येऊ बरोबर?” नको म्हटलं. मांडवीच्या जेटीवर जाऊन बसले. व्यायाम करणारी माणसं पांगली होती. भेळवाल्यांच्या गाड्या अजून ताडपत्रीखाली होत्या.

‘स्लिपवे’ पहिल्यापासून लावलं. गिटार चढली, थांबली. शांतता आली. या वेळी बंद करायला कसलंच निमित्त नव्हतं.

पेटी सुरू होते. मला वाटलं होतं, गिटार परत येईल. दोघं मिळून काहीतरी मोठं करतील, जे मला इतकी वर्षं ऐकायला मिळालं नाही. तसं काही होत नाही. पेटी तीच चाल एकदा वाजवते, सावकाश, चॅपलमध्ये प्रार्थना संपल्यावर सिस्टर वाजवायच्या तशी. गिटार येत नाही. मी वाट बघितली. पेटी शेवटच्या सुरावर येते, तो तिने थोडा धरून ठेवलाय, मग सोडते. भात्यातली हवा निघून गेल्याचा आवाज येतो. मग नुसता समुद्र, आणि तोही हळूहळू कमी होत जातो.

बस, एवढंच आहे.

खरं लिहायचं तर मला तो शेवट आवडला नाही. साधा आहे. कुणालाही सुचेल असा. माझा अर्ध्यावर तुटलेला शेवट त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला होता. पण तो शेवट मेरॉकने केलेलाच नव्हता. तो शिवाच्या बोटाने झाला होता.

परत लावलं. परत तसाच.

मृणालीला फोन केला, सांगितलं. ती नेहमीसारखी काहीतरी फिरकी घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “सँडी, त्या दिवशी मी येऊ का पुण्याहून?” म्हटलं, नको, तुझी पाठ बसच्या प्रवासाने मोडेल. ती म्हणाली, “मोडू दे. जुनीच आहे.”

आली नाही तरी चालेल. म्हणाली ते पुरे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल झालं.

मंगळसूत्र मी पहाटे आंघोळीला जाताना काढलं, कुणी सांगायच्या आत. आरसा बघितला नाही. चहाच्या वेळी सासूबाईंनी माझा गळा बघितला, मग माझ्या हातांवरून हात फिरवला. “बांगड्या ऱ्हावू देत. हात रिकामे बरे दिसत नायत.”

बायका अशा वेळी जात नाहीत. काशीराम भावोजी म्हणाले, “वैनी, तुम्ही घराकडेच बसा, आम्ही आटपून येतो.” मी काही म्हणायच्या आधी सासूबाईंनी काठी उचलली. “ती येताय. मीपण येतंय. तुमी खुर्ची घ्या.” भावोजींनी प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली आणि पुढे चालायला लागले. रुचिराने आजींना एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या.

वाळूत खुर्ची रुतली. सासूबाई बसल्या, मी त्यांच्या मागे उभी राहिले. वर किल्ल्याची भिंत, समोर खाडी समुद्राला मिळते ती जागा. दोन होड्या आत येत होत्या. त्यांतल्या माणसांनी आम्हाला बघून इंजिन बंद केलं आणि वल्ही मारत लांबून गेली.

भटजींनी दर्भावर पळसाची पानं मांडली. पाय, पोट, हात. प्रत्येक जागेचं काहीतरी म्हणत होते. डोक्याच्या जागी नारळ ठेवला, वर कोरं वस्त्र घातलं. मी बघत होते. शिवा दारातून येताना मान वाकवायचा, इतका उंच. हा पुतळा केवढासा. मला एकदम संताप आला. याला म्हणायचं शिवा? हे कुणाला जाळताय तुम्ही?

सासूबाई खुर्चीत पुढे वाकून बघत होत्या. म्हणाल्या, “जल्मला तेव्हा एवढाच होता.”

मग माझा संताप गेला. मी खाली वाळूत बसले आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

सोहमने अग्नी दिला. ओली पानं आधी नुसतीच धुमसली. त्याने वाकून फुंकर घातली, परत घातली. धुराने डोळे चोळत होता, की रडत होता. नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा त्याने मोठ्याने “बाबा” म्हटलं. पहिलीतल्या मुलासारखं नाही. मोठा माणूस हाक मारतो तसं.

इतक्या वर्षांत आमच्या घरात ती हाक कुणी मारली नव्हती.

३ मार्च, सोमवार

तीन दिवसांचं सुतक होतं, ते काल फिटलं. सकाळी सावित्री आली, शेवग्याच्या शेंगा घेऊन. माझ्याकडे बघायचं नाही असं ठरवून आली होती बिचारी. सगळा वेळ शेंगांशी बोलली. जाताना दारात थांबली, परत आली, माझा हात दाबला आणि गेली.

दुपारी ओटीवर आम्ही दोघी सुकट निवडत बसलो. सासूबाईंना नीट दिसत नाही, पण बोटांना कळतं. खडा आला की बरोबर बाजूला टाकतात.

“शिवा लहान होता ना,” त्या म्हणाल्या, “तर सुकट वाळत घातली की राखण करायला बसायचा. कावळ्याला दगड मारायचा. कावळा एक खायचा तर हा दोन खायचा. कच्चीच. मग पोट धरून बसायचा.”

मला हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मी या घरात आहे. आम्ही त्याच्याबद्दल बोलायचो ते सगळं ‘आल्यावर’चं. आल्यावर त्याला ही खोली. आल्यावर छपराचं बघेल. मागचं कुणी काढत नव्हतं. मागचं काढायचं म्हणजे पुढचं नाही असं झालं असतं.

“आणि तुजा तो बाबा,” त्या म्हणाल्या, “पेटीवाला. शिवाला तो आवडायचा नाय.”

“काहीतरीच. त्यानेच तर सगळ्या कॅसेटी आणल्या.”

“आणल्या असतील. मना म्हणाला, आये, डोका उठता गो त्याच्या कोकलण्यान. मी म्हटला, मग आणतोस कशाला रे? तर म्हणतो, ती ऐकीत बसते ना, तेव्हा बघायला बरा वाटता.”

मी हसायला लागले. ते हसणं मध्येच कुठेतरी बदललं आणि मग मला थांबता येईना. सासूबाईंनी मला रडू दिलं. सुकट निवडत राहिल्या. माझ्या ताटातली ओढून घेतली आणि तीही निवडायला लागल्या.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “आता तू सांग.”

“काय सांगू?”

“त्याचा कायतरी. मना म्हाईत नसलेला.”

मी पदराने तोंड पुसलं. आठवावं लागलंच नाही. लग्न ठरलेलं होतं, झालं नव्हतं. त्या उन्हाळ्यात एकदा तो संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणाची तरी स्कूटर घेऊन उभा राहिला होता, आणि मी घरी मृणालीकडे अभ्यासाला जाते असं सांगून निघाले होते. सासूला सांगायची गोष्ट नव्हे ती. मी सांगायला सुरुवात केली. स्कूटर भाट्याच्या पुलावर बंद पडली इथपर्यंत आले आणि पुढचं सांगू की नको म्हणून थांबले.

त्यांचे हात सुकटीत थांबले होते.

“मग?” त्या म्हणाल्या.